फोनला काय ठाऊक, दूध कोण घालतं?

मागे कऱ्हाडला एका व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं चालली होती. विषय सार्वजनिक आरोग्याचा, वक्ते डॉक्टर, सभागृह बऱ्यापैकी भरलेलं. एका तरुणाने उठून विचारलं, "पुढची साथ आली तर संपर्क शोधणारं ॲप प्रत्येकाच्या फोनवर सक्तीचं करावं का?" झालं. पुढचा पाऊण तास वक्त्यांना कुणी बोलूच दिलं नाही. एक तट म्हणत होता, माणसं मरत असताना कसला खासगीपणा घेऊन बसलात? दुसरा म्हणत होता, एकदा आपला माग सरकारच्या हाती गेला की आपण कायमचे पिंजऱ्यात. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं, की एकमेकांवर तुटून पडलेल्या या मंडळींचं एका बाबतीत पूर्ण एकमत आहे. हे ॲप सगळं पाहतं, हे दोघांनीही धरून चाललेलं. एकाला त्याचा आधार वाटत होता, दुसऱ्याला धाक. ते खरंच पाहतं का, हे कुणीच विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. असं ॲप असायला माझी हरकत नाही. सक्तीला आहे, आणि ती मुख्यतः आरोग्याच्याच कारणासाठी आहे. साथीची साखळी तुटायला दोन गोष्टी घडाव्या लागतात. आजारी माणसाने "मी अमक्या-अमक्याला भेटलो" हे खरं सांगावं लागतं, आणि त्या अमक्याने चौदा दिवस घरात बसायला तयार व्हावं लागतं. फोन यातलं पहिलं काम थोडंफार हलकं करतो. दुसऱ्याला तो हातही लावू शकत नाही. आणि सक्ती आली की दोन्ही कामं पहिल्यापेक्षा अवघड होऊन बसतात.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. आपलं आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं. ब्लूटूथवरून आसपासच्या फोनशी खुणांची देवाणघेवाण करायची आणि जोडीला जीपीएसवरून ठिकाणही टिपायचं, अशी त्याची रीत. कुणी बाधित निघाला की त्याच्या फोनवरच्या नोंदी सरकारी सर्व्हरवर जात आणि तिथून इतरांना इशारा मिळे. जर्मनीने जून २०२० मध्ये आणलेल्या ॲपची घडण निराळी होती. ॲपल आणि गूगल यांनी मिळून बसवलेल्या त्या पद्धतीत भेटींची यादी फोनमध्येच राहते, जुळवणीही फोनच करतो, आणि माणूस कुठे होता हे टिपलंच जात नाही. सरसकट 'ॲप, ॲप' म्हणून बोलणारे दोन्ही तट हा फरक गिळून टाकतात. एकात तुमची वही तुमच्या खिशात राहते, दुसऱ्यात ती वेळ आली की चावडीवर जमा होते. एवढा फरक असताना दोघांना एकच नाव देऊन भांडायचं कसं?

आता सक्तीचा इतिहास. १ मे २०२० च्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशाने सरकारी आणि खासगी अशा सगळ्या कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू बंधनकारक झालं. प्रतिबंधित क्षेत्रात शंभर टक्के लोकांकडे ते असेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर पडली. नोएडात तर फोनवर ते नसणं कारवाईला पात्र ठरलं. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, १७ मे च्या आदेशात भाषा मवाळ झाली आणि मालकांनी आपल्या परीने प्रयत्न करावेत एवढ्यावर आली. या सगळ्यामागे संसदेने खास केलेला कायदा नव्हता. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा मसुदा ज्यांच्या समितीने तयार केला ते न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी ही सक्ती बेकायदा असल्याचं उघड सांगितलं. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र या सरकारी संगणक-संस्थेला धारेवर धरलं, कारण 'हे ॲप तयार कुणी केलं' या माहिती अधिकारातल्या साध्या प्रश्नालाही धड उत्तर मिळत नव्हतं. गावात विहीर कुणी खणली हे सांगायला कुणी तयार नसेल, तर पहिली घागर कोण भरेल?

पण समर्थकांची बाजू हलकी नाही, आणि ती हलकी करून मांडणं हा दुसऱ्या तटाचा अप्रामाणिकपणा आहे. कोरोनाचा माणूस खोकला-ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागण करतो. म्हणून २०२० च्या वसंतातच ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बजावलं होतं, की वही-पेन घेऊन माणसं शोधण्याचा वेग या विषाणूपुढे अपुरा पडेल. त्यात आठवणीचा प्रश्न. विट्याहून सांगलीला येताना एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक असतं? मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला, मिरज जंक्शनच्या फलाटावर चहाच्या गाड्यापाशी आपण कुणाकुणाच्या श्वासात श्वास मिसळला, हे कितीही प्रामाणिक माणूस सांगू शकणार नाही. अनोळखी माणसाचा माग काढायला फोनच लागतो, हे मला मान्य आहे.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २४ सप्टेंबर २०२० ला आलेलं ॲप वर्षअखेरपर्यंत तिथल्या सुमारे २८ टक्के लोकांनी वापरलं, आणि त्यामुळे तेवढ्या काळात साधारण तीन ते सहा लाख लोकांची लागण टळली असा अंदाज २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. ॲप म्हणजे निव्वळ फार्स, असं म्हणणाऱ्यांना या आकड्याला उत्तर द्यावं लागेल.

मी त्याला उत्तर देत नाही, तो आकडा मी मान्यच करतो. फक्त त्याच्या पोटात काय आहे ते बघा. ते ॲप ऐच्छिक होतं. आधी इंग्लंडमधल्याच 'आयल ऑफ वाइट' बेटावर यादी एका जागी गोळा करणाऱ्या ॲपची चाचणी झाली होती, ती वाट सोडून यादी फोनमध्येच ठेवणारी पद्धत घेतली गेली. आणि त्याच सुमारास, सप्टेंबरअखेरीस, घरी थांबायला सांगितलेल्या कमी उत्पन्नाच्या माणसाला ५०० पौंड देण्याची योजना सुरू झाली. गंमत अशी, की सुरुवातीला हे पैसे ॲपवरून इशारा आलेल्यांना मिळतच नव्हते, कारण ॲप नाव-गाव ओळखत नव्हतं. पुढे ती सोय करावी लागली. म्हणजे यंत्राने इशारा दिल्यावरही प्रश्न उरला तो पोटाचाच. आपल्याकडे इंग्लंडचा दाखला देणारे यातलं फक्त ॲप उचलतात. ऐच्छिकपणा तिथेच ठेवतात, ५०० पौंड तिथेच ठेवतात.

जरा हिशेबही करू, साधा, सातवीच्या मुलाला येईल असा. ॲपला भेट कळायची तर ते दोघांच्याही फोनवर असावं लागतं. शंभरातल्या चाळीस जणांकडे ते असेल, तर दोघांकडेही असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांचे चाळीस टक्के, म्हणजे सोळा. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूने दहा कोटींचा टप्पा ओलांडला तेव्हा मोठा गाजावाजा झाला. सव्वाशे कोटींच्या वरच्या देशात दहा कोटी म्हणजे साडेसात-आठ टक्के. त्याचा वर्ग करा. दोनशे भेटींतली जेमतेम एक त्या यंत्राच्या नजरेत येत होती. पुण्या-मुंबईत प्रमाण जास्त असेल, हे खरं. पण मग माण-खटावात, आटपाडीत, जतच्या पूर्व भागात ते किती असेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. हा आकडा नुसत्या मोबाइलचा आहे, स्मार्टफोनचा नव्हे. साध्या फोनसाठी सरकारने १९२१ हा क्रमांक दिला होता, पण त्यावर मिस्ड कॉल देऊन माणूस आपली लक्षणंच सांगू शकत होता. आपण कुणाजवळ बसलो होतो हे बटणांचा फोन टिपत नाही.

बरं, जिथे दोन्ही फोन आहेत तिथे तरी? ब्लूटूथ अंतर मोजत नाही, संकेताच्या जोरावरून अंदाज बांधतो. फोन मागच्या खिशात असेल तर मधलं अंगच संकेत शोषून घेतं. लोखंडी डब्यात तो सगळीकडून आपटून परत येतो. डब्लिनच्या संशोधकांनी २०२० मध्ये ट्रामच्या डब्यात मोजमाप केलं, तेव्हा ॲपल-गूगलच्या पद्धतीचे इशारे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखेच निघाले. म्हणजे एसटीतला अनोळखी शेजारी, ज्याच्यासाठी हे यंत्र हवं असं मी वर कबूल केलं, नेमका तोच त्याला नीट दिसत नाही. उलट आमच्या पेठेत एका भिंतीला दोन घरं आहेत. रात्रभर भिंतीच्या दोन बाजूंना उशाशी ठेवलेले फोन ते दोन माणसं एका खोलीत झोपली असंही समजू शकतील. बारीक भिंत विषाणूला अडवते, ब्लूटूथला नाही.

आता माझ्या घरचं सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये आई आजारी पडली. तिच्याकडे बटणांचा फोन. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम तेव्हा सुरूच झाली होती. आमच्या भागातली आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा स्वयंसेविका, आली, उंबऱ्याबाहेर जोत्यावर बसली आणि विचारलं, "काकू, दहा दिवसांत घरी कोण-कोण आलं?" आई ठामपणे म्हणाली, "कुणी नाही." बाईने वही मिटली आणि वेगळ्याच गप्पा काढल्या. दूध कोण घालतं? बचत गटाचा हप्ता कुणाकडं दिला? पीठ गिरणीतनं कोण आणतं? पंधरा मिनिटांत अकरा नावं निघाली. आई खोटं बोलली नव्हती. दूधवाला तिच्या लेखी 'कोणी' नव्हताच, तो दूध होता.

बारावं नाव तिने खरोखरच लपवलं होतं. माझा मावसभाऊ वाशीच्या मार्केटात माथाडी. तो कुणाला न कळवता रात्री येऊन दोन दिवस राहून गेला होता. आशाताईला ते ठाऊक होतं, गल्लीत सगळ्यांनाच असतं. उठता उठता ती म्हणाली, "काकू, त्याचं नाव मी वहीत नाही घेत. पण तेवढा तपासून घ्यायला सांगा, आणि आठ दिवस कुठं फिरू देऊ नका." आईने त्याच संध्याकाळी त्याला फोन लावला. नियमाने पाहिलं तर त्या बाईने नोंद चुकवली. पण तिने नोंद केली असती, तर पुढच्या दहा घरांनी तिला दारात उभं केलं असतं का? काय लिहायचं नाही हे कळणं हा या कामातला सगळ्यात मोठा वकूब आहे, आणि तो कुठल्याही ॲपमध्ये घालता येत नाही. माझ्या आईवरून अख्ख्या देशाचा सिद्धान्त मांडू नये, हे खरं. पण दूध कोण घालतं हे विचारणारं यंत्र मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

आमच्या सांगली जिल्ह्याचंच मोठं उदाहरण घ्या. २३ मार्च २०२० ला इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांचे अहवाल बाधित आले. मार्चअखेर त्या एकाच गोतावळ्यात आकडा पंचविसावर गेला. मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांवर इस्लामपूर म्हणजे दुसरं वुहान अशी भाषा होती. पण संपर्कातला माणूस न् माणूस शोधला गेला, घरोघरी फिरून पाहणी झाली, मिरजेच्या रुग्णालयात उपचार झाले, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक जण बरे होऊन घरी आले. साखळी तिथेच थांबली. तारखा पुन्हा पाहा. आरोग्य सेतू २ एप्रिलला आलं. इस्लामपूरचा माग त्याच्या आधीच निघालेला होता. उगम एक, नातेवाईक ओळखीचे, गाव आटोपशीर, म्हणून ते जमलं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, खाट मिळाली तरी देवाची कृपा अशी वेळ आली, तेव्हा माणसांचा माग काढणं कोलमडलंच होतं. पण त्या वेळी ॲप तर कोट्यवधी फोनवर होतं. त्याने कोणती साखळी तोडली? एवढी लाट आली की शोधणंच मागे पडतं, मग शोधणारा माणूस असो की यंत्र.

तर मग प्रश्न शोधण्याचा होता की सांगण्याचा? मे २०२० आठवून पाहा. पाटण-जावळीकडचे माथाडी, माण-खटावचे मुंबईकर, खानापूर-आटपाडीचे, सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेले गलाईवाले, सगळे गावाकडे निघाले. आणि गावांनी वेशीवर काट्याकुपाट्या टाकल्या. ज्यांच्या पैशावर देवळाचा जीर्णोद्धार झाला त्यांना शाळेच्या खोलीत उतरवलं. हातावर शिक्के, घराला पत्रे, आणि व्हॉट्सॲपवर कुणाचा स्वॅब गेला याच्या याद्या. माणूस रात्रीचा, आडवाटेने, न सांगता घरात का शिरला? त्याला साथीचं गांभीर्य कळत नव्हतं म्हणून? सांगितल्यावर काय होतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणून. अशा माणसाच्या फोनवर ॲप सक्तीचं केलंत तर तो काय करेल? फोन मुंबईतच ठेवून येईल, नाहीतर बंद करून. यंत्राला चकवणं हे माणसाला चकवण्यापेक्षा फारच सोपं आहे, त्यात नजरेला नजरही द्यावी लागत नाही.

हे आपल्याला कळायला २०२० उजाडावं लागलं, याचंच मला नवल वाटतं. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा प्लेगसाठी घाईघाईने केलेला. अधिकाऱ्याला वाटेल ते करण्याची मुभा आणि वर त्याच्यावर खटला नाही. पुण्यात रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरांत घुसले, रोगी शोधायलाच घुसले होते. म्हणजे तोही संपर्क-शोधच होता. लोकांनी काय केलं? रोगी माळ्यावर लपवले, प्रेतं गुपचूप पुरली, गाव सोडून पळाले आणि पळताना प्लेग सोबत नेला. २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, ते आपण शाळेत पाठ करतो. पुढचं मात्र पाठ करत नाही. सक्तीने रोग लपतो हे सरकारलाही उमगलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जबरदस्तीचे बरेच उपाय त्याने सैल केले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने नियम काढले ते याच १८९७ च्या कायद्याखाली. कायदा आपण जपून ठेवला, त्याचा धडा तेवढा हरवला.

आणि त्याच १८९७ च्या मार्चमध्ये, १० तारखेला, सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची ही लेक आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, हडपसरजवळच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होती. तिथे रोगी लपवले जात नव्हते, आणले जात होते. शहर तेच, साथ तीच, महिनेही तेच. माझी पणजी सांगायची, की घरात उंदीर पडला की न सांगता सवरता लोक गाव मोकळं करून रानात छपरं घालत. ना सोल्जर, ना नोटीस. उंदीर पडल्याचं लपवून कुणाचा फायदा नव्हता, आणि रानात गेल्याने कुणाची अब्रू जात नव्हती.

इथे पहिल्या तटाचा हुकमी सवाल येतो: लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला? फेसबुकला, गूगलला सगळं देताच की. मला हा सवाल नेहमी अशा माणसाच्या तोंडून ऐकू येतो, ज्याच्या आजोबांनी पोलिसात हजेरी दिलेली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जातीच्या जाती वहीत नोंदवल्या, आणि पुढे १९११ पासून तो आपल्या मुलखालाही लागू झाला. पारधी, मांग-गारुडी असे कितीतरी समाज त्या वह्यांत अडकले. १९५२ मध्ये कायदा गेला. पण आजही गावात चोरी झाली की पोलिसांची जीप कुठल्या वस्तीकडे आधी वळते, हे जत-आटपाडीत कुणालाही विचारा. वही ज्या कामासाठी उघडली ते काम संपतं, वही मिटत नाही. कंपनी माझी माहिती विकून मला साबण खपवते, तो वैताग आहेच. पण ती मला रात्री उचलून नेत नाही.

सिंगापूरसारख्या शिस्तीच्या देशातही हेच घडलं. मार्च २०२० मध्ये त्यांनी जगात सगळ्यांच्या आधी असं ॲप आणलं आणि माहिती फक्त साथीसाठी वापरू असं वचन दिलं. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेत सरकारने कबूल केलं, की फौजदारी तपासासाठी पोलीस ती मागवू शकतात, आणि एका खुनाच्या तपासात मागवलीही होती. लोक चिडले, मग फेब्रुवारीत कायदा करून गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा घातली. खुन्याला पकडू नये असं माझं म्हणणं नाही. पण वचन ॲप उतरवून घेताना दिलेलं, आणि कायदा वचन मोडल्यावर केलेला. हा क्रम उलटा हवा होता ना?

या मातीतलं एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही, तुलना थोडी ताणलेली आहे हे माहीत असूनही. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते तेव्हाची गोष्ट. प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे साथी वर्षानुवर्षं भूमिगत राहिले. ते कुठे जेवतात, कुठल्या मळ्यात झोपतात, हे गावोगाव ठाऊक होतं. इंग्रजांपाशी पोलीस होते, तारायंत्र होतं, खबरे होते. गाव बोललं नाही. माहिती नव्हती असं नाही, विचारणारा आपला नव्हता. याच गावांना ऐंशी वर्षांनी तुम्ही विचारता, "कोण कुणाला भेटलं?" उत्तर मिळेल की नाही हे फोनच्या मॉडेलवर ठरणार आहे का?

दुसऱ्या तटाशीही माझं भांडण आहे, आणि त्यांना वाटतं त्यापेक्षा ते मोठं आहे. त्यांचं सगळं लक्ष सर्व्हरवर. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा हवाला देतात, नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला हे सांगतात, आणि थांबतात. निकाल मोठाच आहे. पण २०२० मध्ये आमच्याकडे लोकांची अब्रू गेली ती सर्व्हरमधून नव्हे, छापील यादीचा फोटो काढून. हाताने केलेला शोध म्हणजे आपोआप माणुसकीचा शोध, असं नसतं. माझ्या आईची आशाताई समजूतदार निघाली, शेजारच्या गावातली नसेलही. शिवाय हक्काची भाषा बोलताना ही मंडळी खासगीपणाला आरोग्याच्या विरुद्ध पारड्यात ठेवू देतात, तिथेच अर्धा वाद हरतात.

सांगलीत बसून तरी कुणी असं करू नये. नव्वदच्या दशकात एचआयव्हीने हा जिल्हा पोखरला होता. तेव्हाही सक्तीने तपासा, वस्त्या उठवा अशा आरोळ्या होत्याच. १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेने आणि १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने उलटी वाट धरली. धंद्यातल्या बायकांनीच आपल्या वस्तीत निरोध वाटले, माहिती सांगितली, दवाखान्यात सोबत केली. कुणाचं नाव बाहेर जाणार नाही या भरवशावर बाई दवाखान्याची पायरी चढते, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तेच तत्त्व देशासाठी लिहून ठेवलं: संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायची नाही. ज्या रोगावर तेव्हा धड औषध नव्हतं, त्यात गुप्तता हेच अर्धं औषध होतं. साथ आणि खासगीपणा यांची कुस्ती लावणाऱ्यांनी एकदा स्टँडवर उतरून या बायकांना भेटावं.

मग पुढच्या वेळी काय करायचं? ॲप ठेवा. ज्याला हवं त्याने घ्यावं, यादी त्याच्या फोनमध्ये राहावी, आणि ॲप येण्याआधी कायदा यावा, ज्यात ते कोणत्या तारखेला बंद होणार हे लिहिलेलं असेल. संपर्काच्या याद्या पोलीस ठाण्यात जाणार नाहीत हेही त्यातच असावं, मग त्या फोनमधल्या असोत की वहीतल्या. पण पैसे आणि डोकं खर्च करायचं ते दुसरीकडे. कोविडच्या कामासाठी केंद्राने आशांना महिना एक हजार रुपये जादा दिले, दिवसाला तेहतीस. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला तेव्हा त्याच कपाळांवर अभिमान आला. माग काढणाऱ्या बाईची ही किंमत, आणि ॲपच्या जाहिराती मात्र रोज टीव्हीवर.

राहिला तो माझा मावसभाऊ, ज्याचं नाव वहीत नाही. आठ दिवस घरात बस म्हटल्यावर त्याने आईला फोनवर एकच प्रश्न विचारला होता: "मावशे, आठ दिवसांचा खाडा कोण भरून देणार?" २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर होता दिवसाला २३८ रुपये. घरी थांबायला सांगितलेल्या प्रत्येक मजुराला त्याच दराने चौदा दिवसांचे पैसे हातात दिले असते, तर ते होतात ३,३३२ रुपये. ॲप ज्यावर नीट चालेल असा बरासा स्मार्टफोनसुद्धा तेवढ्यात येत नव्हता.